लाल देठाचं अळू

उल्काताई कॅनडात मुलाकडे आल्या होत्या सुनेचं बाळंतपण करायला, आणि महिना होत आला तरी त्या घरात त्यांना कुणी साधी लसूण सोलू दिली नव्हती. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं, केर काढायला एक गोल डबडं स्वतःच घरभर हिंडायचं. उठल्या की लगेच, "आई, तुम्ही आराम करा ना." आराम करून करूनही माणूस दमतो, हे या मुलांना कोण सांगणार?

निमिष, त्यांचा मुलगा, सकाळी डार्टमथच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडून पलीकडे हॅलिफॅक्सला ऑफिसात जायचा. सून अस्मिता बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून बसायची. तिला सहावा महिना लागला होता. मुलगी नागपूरची, बोलायला गोड, पण हातचं राखून वागणारी. तिच्या वडिलांचं ऑपरेशन झाल्यामुळे तिच्या आईला येता येईना, म्हणून आपल्याला बोलावलं, असं उल्काताईंच्या मनाने घेतलं होतं. आणि त्यात काही खोटं नव्हतं.

अशात एके दिवशी जेवताना अस्मिता म्हणाली, "आई, मला ना, धोप्याच्या वड्या खाव्याशा वाटताहेत. लाइक, सारखं तेच डोक्यात येतंय."

धोपा म्हणजे विदर्भातलं अळू. उल्काताईंचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांचंच डोहाळजेवण होतं. रत्नागिरीला त्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं असायचं. त्यांच्या सासूबाईंची वडी साऱ्या आळीत नावाजलेली. चिंच-गुळाचं प्रमाण त्यांनी मरेपर्यंत मुलींना सांगितलं नाही, सुनेला मात्र सांगितलं. या गोष्टीचा उल्काताईंना केवढा अभिमान! ती वडी आता त्यांच्या सुनेच्या ताटात पडायची होती.

शनिवारी मायलेक दोन बस बदलून इंडियन ग्रोसरीत गेले. तिथे अळू म्हणून फ्रीजरमधला हिरवट बर्फाचा गोळा निघाला. "आई, फ्रोझन चालेल ना?" निमिषने विचारलं. उल्काताईंनी तो गोळा दोन बोटांनी परत ठेवला. घरी येईपर्यंत त्या बसच्या खिडकीतून लोकांच्या बागा धुंडाळत होत्या.

आणि सोमवारी ते घरामागेच सापडलं!

घर निमिषने जानेवारीत घेतलं होतं, तेव्हा मागे नुसता बर्फ होता. बर्फ वितळल्यावर घराच्या आधीच्या म्हाताऱ्या मालकिणीने लावलेलं एकेक वर यायला लागलं. निमिषला त्यातलं काही कळत नव्हतं. तो गवत कापायचा आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. शेडच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, सुपाएवढ्या पानांचा एक गड्डा फोफावला होता. देठ मात्र लालभडक.

उल्काताई क्षणभर थबकल्या. वडीच्या अळवाचा देठ काळपट असतो, हा लाल का? मग त्यांनीच स्वतःला समजावलं. माती वेगळी, हवा वेगळी, रंग बदलायचाच. पानं धुताना पाणी पानावर मोत्यासारखं न घरंगळता पसरलं, तेही त्यांनी पाहिलं. पण हात कामाला लागले होते. किती दिवसांनी लागले होते! खाजरं असेल तर चिंच थोडी वाढवू, एवढंच त्यांच्या मनात आलं. देठ कापून त्यांनी मागच्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये टाकले, पानांच्या शिरा लाटण्याने ठेचल्या, पीठ माखलं, उंडे वळून उकडले.

तळणाचा वास बेसमेंटपर्यंत गेला, तशी अस्मिता मीटिंग संपवून धावत वर आली.

"आई! कुठे मिळालं?"

"आपल्याच परसात."

अस्मिताचा हात ताटाशी थांबला. "हे नक्की अळूच आहे ना?"

"अगं, जन्म गेला माझा अळवात," उल्काताई फटकन म्हणाल्या. "मला विचारतेस?"

ती खजील झाली आणि खायला लागली. एक, दोन, पाच वड्या खाल्ल्या. जीभ जरा चुरचुरतेय म्हणाली, पण चव थेट घरची आहे म्हणाली, आणि डोळे पुसत हसली. त्या घरात आल्यापासून उल्काताई पहिल्यांदा सुखी झाल्या. स्वतः मात्र त्यांनी तुकडाही तोंडात टाकला नव्हता. निमिष आला की त्याच्याबरोबर बसणार होत्या.

अस्मिता वर जाऊन आडवी झाली. उल्काताई चिंचेचा चोथा टाकायला मागे गेल्या, तर कुंपणापलीकडून शेजारीण डोरीन त्यांच्या बिनमध्ये डोकावत होती. सत्तरीची गोरी बाई, हातात बागेचे मोजे. लाल देठ बघून ती हसत होती. एवढा चांगला रूबार्ब फेकून दिलास? अगं, या देठांचा ॲपल-पायसारखा गोड पाय करतात, जॅम करतात. उल्काताईंना तिचं इंग्रजी समजत होतं. त्याही हसल्या.

"मग पानं कुठायत?" डोरीनने विचारलं.

"वुई एट," उल्काताईंनी अभिमानाने सांगितलं.

डोरीनचं हसू गेलं. पानं विषारी असतात, ती हळू आवाजात म्हणाली. देठ खायचा, पान टाकायचं. इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. कुणी खाल्ली?

उल्काताईंनी बिनमधल्या लाल देठांकडे पाहिलं. खायचं ते आपण टाकलं आणि टाकायचं ते पोटुशीला वाढलं!

त्या धडपडत वर गेल्या. अस्मिता कुशीवर झोपली होती, एक हात पोटावर. दाराशीच उल्काताईंचे पाय अडले, आणि मनात नको तो विचार आला. झोपलीय शांत. कदाचित काहीच होणार नाही. सांगितलं, तर हे घर आपल्याला पुन्हा कधी चुलीजवळ उभं करणार नाही. बाळाला अंघोळ घालायला देणार नाहीत, गुटी उगाळायला देणार नाहीत. निमिष काही बोलणार नाही, पण ही मनातून उतरवेल ती कायमची. असा विचार करणाऱ्या स्वतःचीच त्यांना किळस आली. त्यांनी अस्मिताचा खांदा हलवला.

"ऊठ बाळा. ते अळू नव्हतं. विषारी पान होतं. चूक माझी आहे. ऊठ, दवाखान्यात जायचंय."

अस्मिताने दोन्ही हातांनी पोट धरलं.

डोरीननेच गाडी काढली. पुलावरून जाताना खाली बंदराचं पाणी दिसत होतं, त्यात फेरी चालली होती. मागच्या सीटवर अस्मिताने पिशवीत ओकारी काढली. उल्काताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला नेला, तर ती दाराकडे सरकली. तो हात उल्काताईंनी आपल्या मांडीवर घेतला. साऱ्या देवांना त्यांनी एकच मागणं घातलं, की काय ते माझ्यावर येऊ दे.

इमर्जन्सीत डॉक्टरणीने विचारलं, स्वयंपाक कुणी केला? "मी," उल्काताई म्हणाल्या, आणि देठ कसे होते, पानं किती घेतली, किती उकडली, सगळं सांगितलं. निमिष ऑफिसातून धावत आला. रक्त तपासलं, सलाईन लावलं, बाळाचे ठोके ऐकवले. ते टपटप टपटप ऐकून निमिष भिंतीला टेकून रडला. एवढ्या पानांनी मोठं काही होत नाही, डॉक्टरीण म्हणाली, किडनी ठीक आहे, बाळ ठीक आहे. उल्काताईंचा जीव भांड्यात पडला, पण मान काही वर होईना.

संध्याकाळी घरी सोडलं. गाडीतून उतरताना निमिष म्हणाला, "आई, एक फोटो तरी पाठवायचास ना मला. मी गूगल केलं असतं."

"अळू काय गूगल करायचं रे," असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुणाला न विचारता चहा केला. तीन कप टेबलावर ठेवले. अस्मिताने कप ओढला, आत पाहिलं, आणि निमिषकडे पाहिलं. निमिषने घाईघाईने आपल्या कपातला घोट घेतला. अस्मिताची बोटं कपाभोवती तशीच होती.

हे उल्काताईंना जितकं लागलं, तितकं डॉक्टरणीसमोर उभं राहतानाही लागलं नव्हतं. आयुष्यभर त्या सगळ्यांना वाढून शेवटी जेवल्या. आधी खाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी सुनेच्या हातातून कप काढून घेतला, तिच्यासमोर एक मोठा घोट घेतला आणि कप परत ठेवला.

"आता रोज मी आधी खाईन," त्या म्हणाल्या. "तू पुरे म्हणेपर्यंत."

अस्मिताने सासूचा उष्टा कप उचलला. ती हळूहळू चहा प्यायली. पुरे मात्र म्हणाली नाही.