सुतकात मिटून ठेवलेलं पुस्तक

ऐका गं बायांनो, ऐका रं पोरांनो. साजगावच्या वाटेवर, कारखान्याच्या कुंपणाला लागून एक घर होतं. घरात अंबूबाई होती, तिचा लेक जितेश होता, जितेशची बायको संजना होती. पलीकडच्या आळीत मनोज होता. जितेश आणि मनोज एकाच कारखान्यात, एकाच बॉयलरवर, पण दोन वेगळ्या पाळ्यांना. आणि या सगळ्यांच्या मधे मी होतो.

मी एक पुस्तक बोलतोय. मला पानं आहेत, पण कागद नाही. पुठ्ठा नाही, वास नाही, वाळवीचं भय नाही. मी फोनात उतरतो आणि फोनातूनच निघून जातो.

मला लिहिलं एका फोरमननं. जन्मभर बॉयलरच्या धगीसमोर उभा राहिलेला माणूस. आग कशी धरायची, पाणी कसं राखायचं, वाफ कधी सोडायची आणि कशानं माणसं मरतात, ते त्यानं साध्या मराठीत लिहून काढलं. बायकोनं पुण्यातल्या एका खोलीत प्रकाशनाचा धंदा मांडला होता, तिनं ते छापलं. माझे थोरले भाऊ कागदाचे होते. आधी चांगले खपले. मग कुठल्याशा कारखान्याच्या गेटसमोर एका झेरॉक्सवाल्यानं त्यांतला एक विकत घेतला, त्याची शिवण उसवली आणि त्याच्यापासून ढिगानं पिल्लं काढली. बाईंच्या खोलीत गठ्ठे पडून राहिले. फोरमनही गेला.

म्हणून मला बिनकागदी केलं तेव्हा बाईंनी अटी घातल्या. वाचनालयानं घ्यायचं तर एका वेळी एकानंच वाचायचं. पंधरवडा झाला की मी आपला आपण मिटायचं. ठरलेल्या फेऱ्या संपल्या की कायमचं जायचं, आणि पुन्हा हवा असेल तर वाचनालयानं पुन्हा विकत घ्यायचं, तेही दुकानातल्या भावाच्या कितीतरी पटीनं.

शिळफाट्याच्या वाचनालयात निशिगंधा मॅडम आहेत. त्या यावरून फोनवर बाईंशी भांडल्या होत्या.

"अहो, कागदाचं पुस्तक घेतलं की ते वाचनालयाचं होतं. हे काय, भाड्याचं घर आहे का?"

"कागदाचं फाटतं, मग तुम्ही दुसरं घेता," बाई म्हणाल्या. "हे फाटतच नाही. एका पुस्तकावर अख्खा रायगड वाचेल. मी खायचं काय?"

मला दोघींचंही पटत होतं. आणि दोघींच्या भांडणात उघडायचा-मिटायचा मीच होतो.

तर जितेश. भाताचा कोंडा भट्टीत ओढायचं त्याचं काम. बॉयलर चालवायला परवाना लागतो आणि परवान्याला परीक्षा. कारखान्यात सांगितलं होतं, ऑपरेटरची एक जागा रिकामी होतेय, जो पास होईल त्याची. बाकीच्यांनी गाड्या भरायला जायचं. जितेशची कंबर आधीच गेलेली. गाड्या भरून तो वर्षभर टिकला नसता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

जितेशला वाचायला दिलं की तो झोपायचा. म्हणून वाचनालयातून मला संजनाच्या फोनात उतरवून घेतलं, ती वाचून दाखवायची, आणि अंबूबाईनं माझी पोथीच केली. पाट मांडला, पाटावर फोन उभा केला.

"हात धुतलंस का गं?"

"आई, बॉयलरचं पुस्तक हाय हे."

"मग? ज्याच्यावर पोट भरायचं ती पोथीच. धू हात."

पोथीचे नियम आले मग सगळे. अध्याय अर्धा सोडायचा नाही, पुढचा आधी वाचायचा नाही, जितेश कामावर असला की उघडायचं नाही. शेजारच्या दोन बाया पण येऊन बसल्या.

"म्हंजे कुकरच म्हना की," पहिला अध्याय ऐकून अंबूबाई म्हणाली.

"कुकर शिट्टी मारतो," जितेश म्हणाला. "ह्यो छप्पर नेतो."

मला कुणी असं कधी ऐकलं नव्हतं. मी खुशीत होतो. दोन-तीन अध्याय झाले आणि जितेशचा चुलता पदू गेला. भाताला खत टाकून आला, पाणी प्याला, आणि गेला. घराला सुतक आलं.

"सुतकात पोथी उघडायची नाय," अंबूबाईनं सांगितलं.

"अगं, परीक्षा हाय माझी."

"हाय तर हाय. पदूभावजींनी तुला खांद्यावर फिरवलाय."

मला मिटलं. फोन उघडायचा, पाहुण्यांना निरोप जायचे, मला मात्र कुणी हात लावत नव्हतं. पण माझी मुदत सुतक पाळत नव्हती. ती आतल्या आत सरत होती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

मनोज भेटायला आला होता. निघताना संजनाला दाराशी हळूच म्हणाला, "वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. त्या पुस्तकाच्या रांगेत तुमच्यामागं माझंच नाव हाय. सुतक फिटेस्तोवर तुमी उघडनार नाय. परत करा ना. मी वाचतो, मग मी बी परत करीन, तुमी घ्या."

"बघते हां, भावजी," संजना म्हणाली.

तिनं बघितलंही. संध्याकाळी चुलीमागं बसून तिनं माझं मुखपृष्ठ उघडलं. खाली 'परत करा' असं लिहिलेलं असतं. तिचा अंगठा तिथं थांबला. मी वाट बघत होतो. एका दाबाचं काम. मी घटकेत मनोजच्या फोनात गेलो असतो, तिथं उघडलो असतो, कामाला आलो असतो. पण जागा एक होती आणि माणसं दोन. संजनाचा अंगठा उचलला गेला, पडदा काळा झाला. आणि मी तिथंच राहिलो. कुणाच्या उपयोगाचा नाही, कुणाला मिळू देणारा नाही.

दोष तिचा म्हणावा, तर मला तसं घडवलंय कुणी? गोठ्यातली गाय दावं तोडून जाते. मला तेवढंही येत नाही.

सुतक फिटलं. घर सारवलं, पाट मांडला, संजना घाईघाईनं वाचू लागली. बॉयलरच्या अंगाला एक काच असते, तिच्यात आतलं पाणी दिसतं. ते दिसेनासं झालं तर काय करायचं, तो अध्याय चालू होता. फोरमननं माझ्यात सगळ्यात जीव ओतून लिहिलेला.

"काचेत पाणी दिसत नसेल, तर घाबरून लगेच पाणी सोडू नये," संजनानं वाचलं. "सर्वांत आधी..."

आणि मी मिटलो. 'मुदत संपली' एवढीच अक्षरं राहिली.

"आधी काय?" अंबूबाई म्हणाली.

संजना फोन दाबत होती, हलवत होती.

"अगं, सर्वांत आधी काय?"

"गेलं, आई. पुस्तक गेलं."

"गेलं म्हंजे? काय रं जितू, आधी काय करतात?"

"मला काय म्हाईत? मी कोंडा ओढतो!"

अर्धा अध्याय तुटला म्हणून अंबूबाईनं पाटाला हात जोडून माफी मागितली. कुणाची, ते तिलाच ठाऊक. खरं तर ती मी मागायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिघंही शिळफाट्याला, वाचनालयात. निशिगंधा मॅडमनी यंत्रात बघितलं. "मनोजकडे गेलं ते. त्याची मुदत संपेपर्यंत तुमची परीक्षा होऊन जाईल."

"दुसरं द्या मग," अंबूबाई म्हणाली.

"एकच आहे, आजी. दुसरं घ्यायला मंजुरी नाही मिळाली."

"आमी धा दिस उघडलं बी नाय. सुतक होतं. ते दिस तरी भरून द्या."

"सुतक होतं? मग परत का नाही केलंत? बटण असतं ना तिथं. तुमचेही दिवस वाचले असते, मनोजचेही."

अंबूबाई सुनेकडं वळली. संजना छताच्या पंख्याकडं बघत राहिली. अंबूबाईला सगळं कळलं.

जितेशनं विचारलं, "मॅडम, मनोजच्या फोनातल्या पानांचे फोटो काढले तर?"

"काढा. ते साजगावपासून रसायनीपर्यंत फिरतील. मग बाई सगळ्या वाचनालयांतून पुस्तक काढून घेतील. पुढच्या वर्षी तुझ्यासारखा कुणी आला की त्याला मी काय देऊ, तुझे फोटो?"

"आन् नुसतं ऐकलं तर?" अंबूबाई म्हणाली. "वाचनारा एक. कान कितीबी."

मॅडम हसल्या. पण खात्री असावी म्हणून त्यांनी पुण्याला फोन लावला. सांगितलं, असं असं आहे, एक वाचतो, आळी ऐकते, चालेल का?

"ऐकणाऱ्यांची मोजणी माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

परतताना रिक्षातून उतरल्यावर अंबूबाई सुनेपुढं थांबली. "मनोजकडं तू जायचं. मी येनार नाय."

मनोज ओट्यावर बसला होता. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मी त्याच्या फोनात होतो, सकाळपासून एकाच पानावर. अक्षरं त्याला येत होती, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटायची.

"भावजी," संजना खालीच उभी राहिली. "त्या दिवशी मी परत करनार होते..."

"नव्हता करनार तुमी."

तिनं मान डोलावली.

"जागा एक हाय. मी असतो तर मी बी नसतं केलं." त्यानं जरा विचार केला. "केलं असतं बी. काय सांगावं. पन मला सुतक नव्हतं, वहिनी. मी वाचलं असतं."

आवाज चढवून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. मलाही.

"मी वाचून दाखवू?" ती म्हणाली. "तुमच्याच फोनातून, तुमच्याच ओट्यावर?"

"दाखवा. मला कुठं जमतंय." मग तो हसला. "पन मी पुढं बसनार. जितेश मागं."

संध्याकाळी मनोजच्या ओट्यावर माणसं जमली. मनोजनं विचारलं, "पयल्यापासनं ना?"

"येळ कमी हाय," संजना म्हणाली आणि तिनं जिथं त्यांचं तुटलं होतं तिथूनच धरलं. "सर्वांत आधी आग बंद करावी. कोरड्या तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर..." जितेश पुढं झुकून ऐकत होता. मनोजही ऐकत होता. पण ज्या अध्यायांवर हे अध्याय उभे होते ते त्याचे झालेच नव्हते. ते अंबूबाईच्या घरी झाले होते. मला हे दिसत होतं. मी पहिल्या पानावर उडी मारू शकलो नाही. जिथं नेतील तिथं मी उघडतो.

परीक्षेला साहेबांनी जितेशला काचेचंच विचारलं. त्यानं सांगितलं. मनोजला विचारलं, वाफेचा दाब म्हणजे काय. ते पहिल्याच अध्यायात होतं.

जितेश पास, मनोज नापास.

अंबूबाईनं पेढे आणले. संजनानं आळीभर वाटले आणि मनोजच्या घराला वळसा घालून परत आली. तर मनोजच दारात उभा.

"माझा पेढा कुठाय, वहिनी? मागं बसनाऱ्यानं पास व्हायचं, आन् पुढं बसलेल्याला पेढा बी नाय?"

संजनानं डबा पुढं केला आणि तिला रडूच फुटलं. "भावजी, मी तुमाला पयल्यापासनं नाय वाचलं."

"हां," मनोज पेढा खात म्हणाला. "ते कळलं मला. साहेबासमोर कळलं."

मनोज गाड्या भरायला गेला. त्या महिन्यात संजनाचं जेवण कमी झालं होतं, असं अंबूबाईनं नंतर ओट्यावर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. शिळफाट्याला जाऊन संजनानं मनोजचं नाव पुन्हा रांगेत लावून घेतलं. त्याची पाळी आली तशी ती रोज त्याच्या ओट्यावर. या वेळी पहिल्या ओळीपासून. मनोज गाड्या भरून आलेला, हाताला फोड, तो विचारायचा, "परत वाचा." ती परत वाचायची. त्याला दाब कळेना, तर अंबूबाई घरून कुकर घेऊन आली आणि जितेशनं झाकण दाबून दाखवलं. जितेश आता मागं बसायचा नाही, बाजूला बसायचा. निशिगंधा मॅडमही एका संध्याकाळी आल्या, गुपचूप ऐकून गेल्या. बाईंशी त्यांचं भांडण मिटलेलं नाही. बाई किंमत कमी करत नाहीत, मॅडम अर्ज करायचं सोडत नाहीत.

माझ्या या वाचनालयातल्या थोड्याच फेऱ्या उरल्यात. त्या संपल्या की मी फाटणार नाही, पिवळा पडणार नाही, नुसता नसेन. तोवर ज्याच्या फोनात उतरेन त्याला एवढंच सांगणं, की वाचा. वाचून व्हायचं नसेल तर मला धरून ठेवू नका. मागं कुणीतरी ओट्यावर बसलेलं असतं. मला पाय असते तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

असो. जितेश आज बॉयलरसमोर खुर्ची टाकून बसतो, काचेतल्या पाण्यावर नजर ठेवून. कंबर आता धरत नाही. आणि मनोज दुसऱ्या खेपेला पास झाला, रसायनीला एका कारखान्यात लागला. निकालाच्या दिवशी अंबूबाईनं जितेशच्या वेळेपेक्षा मोठा डबा आणला. संजनानं पहिला पेढा मनोजच्या आईच्या हातावर ठेवला आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. जसं तिचं घर भरलं, मनोजचं भरलं, तसं तुमचंही भरो.