एवढं लांब, एवढं रुंद

वजीर कुवेतहून चिठ्ठीऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. राजिवड्यातल्या खाडीकाठच्या घरात दुपारी टेप लागला की त्याची बायको सईदा आणि आई मरियम टेपसमोर बसायच्या, जणू वजीरच त्या डब्यात मांडी घालून बसलाय.

या खेपेला तो म्हणाला, "येताना जेवायचं टेबल आणतोय. सईदा, त्याच्यावर घालायला क्रोशाचं कापड विणून ठेव. हे बघ, एवढं लांब. आणि एवढं रुंद."

पुढे नुसती खरखर.

"केवढं?" सईदानं टेपलाच विचारलं.

"हात पसरून दाखवलंन असेल," मरियम म्हणाली. "लहानपणापासून खुळाच तो."

"पण मा, त्यांचे हात पसरून होतात तरी केवढे?"

"बायको तू. मला काय विचारतेस गो?"

मरियम हसली. सईदाला हसू येईना. निकाहनंतर महिन्याभरात तो गेलेला. त्याचं अत्तर आठवत होतं, मान मागे टाकून हसणंही. हात मात्र काही केल्या आठवेनात. परका माणूस घरात येणार की काय, या धास्तीनं तिनं सुई उचलली.

मधोमध फूल धरून ती गोल गोल विणत सुटली. खाडीला भरती यायची, डोळे जड व्हायचे आणि मांडीवरचं कापड पायऱ्या उतरून पाण्यावर पसरायचं. होड्या त्याच्यावरून अलगद जायच्या. पार पलीकडच्या कडेला कोणीतरी पाठमोरा जेवत बसलेला. अजून एक ओळ घातली की पोचेन, असं वाटून ती ओळ घालायची.

"टेबलाला विणतेस की खाडीला?" मरियम विचारायची.

वजीर आला, टेबलही आलं. कापड घातलं तर चारी बाजूंनी जमिनीवर लोळायला लागलं. सईदाचा चेहरा उतरला. सकाळपासून वजीर तिच्याकडे पाहुण्यासारखं पाणी मागत होता.

"एवढं कशाला?" तो म्हणाला. "उसव थोडं."

"तू दाखवलंस ते टेपात दिसलं नाही, बाबा," मरियम म्हणाली.

तिघं जेवायला बसली. कापड सगळ्यांच्या मांडीवर. मरियम बांगड्याचे काटे काढत होती, वजीर कालवणाचं कौतुक करत होता. आणि त्याच वेळी कापडाखाली चाचपडत कोणाची तरी बोटं आली, सुंभासारखी खरखरीत, आणि सईदाच्या डाव्या हातात गुंतून राहिली.

वर वजीर भात कालवतच होता. कान मात्र लालबुंद.

"मग उद्या उसवतेस ना?" मरियमनं विचारलं.

"राहू दे मा," सईदा ताटात बघत म्हणाली. "बरोबर झालंय."