वाइंडिंग सेक्शनचा नंबर

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने साधी गोष्ट सांगितली होती. ज्या कामाची घाई जास्त, त्याला वरचा नंबर द्या. आणि एकच काम मशीन अडवून बसू नये म्हणून प्रत्येकाला मिनिटांची मर्यादा घाला. मिनिटं संपली की काम अर्ध्यात तुटणार. एवढंच. शहाण्या माणसांच्या कंपनीत हे एका सकाळचं काम. पण आमचे कॉम्प्युटर विभागाचे साहेब हयवदन राव एकेका अधिकाऱ्याला विचारत सुटले, तुमच्या कामाची घाई किती? सगळे म्हणाले, सगळ्यात जास्त. स्टोअर्सचे आणि सेल्सचे साहेब तर त्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी वैतागून रावांनी ग्रेडचा तक्ता काढला. अधिकारी जेवढा मोठा, तेवढा त्याच्या कामाला वरचा नंबर आणि तेवढी जास्त मिनिटं. एक सगळ्यात आधी, नऊ सगळ्यात शेवटी. भांडण मिटलं. गेस्ट हाऊस जनरल मॅनेजरांच्या नावावर होतं, त्यामुळे आमचं महागडं मशीन रोज सगळ्यात आधी चादरी मोजायला लागलं.

मी तिथे ऑपरेटर होते. विमला. कुठल्या कामाला कुठला नंबर ते मला दिसायचं, पण बदलायचा पासवर्ड रावांकडे. म्हणजे बघायचं आणि जळफळायचं, एवढीच माझी नोकरी.

माझा थोरला भाऊ विठोजी, आमचा अण्णा, त्याच कारखान्यात खाली वाइंडिंग सेक्शनला होता. जळलेल्या मोटारी यायच्या, त्यांच्यातली काळी पडलेली तार काढून नवी गुंडाळायची. आमचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत. पूर्वज कधी बेंगळूरला आले ते देवाला ठाऊक. आमचं मराठी ऐकून पुण्याहून आलेली नवी इंजिनिअर पोरं गालात हसतात. हसोत बापडी. आमच्या घरात राग मराठीत येतो आणि उतरतो कन्नडमध्ये, त्याला आम्ही काय करणार!

तर त्या वर्षी हेड ऑफिसने फतवा काढला. दर महिन्याला प्रत्येक सेक्शनच्या कामाचा गोषवारा मशीनवरून काढायचा. ज्याचा येणार नाही, त्याच्याकडे काम नाही असं समजायचं. आणि काम नसलेला सेक्शन बंद.

वाइंडिंगकडे कामाचा ढीग होता हो! अण्णाच्या बोटांना तारेचे चरे पडलेले मी रोज बघत होते. पण त्यांचा अधिकारी निवृत्त झाला होता आणि त्याची खुर्ची कुणी भरली नव्हती. अधिकारी नाही म्हणजे ग्रेड नाही. ग्रेड नाही म्हणजे नंबर नऊ, आणि मिनिटं अगदी चिमूटभर. त्यांच्या नोंदी बारीक आणि ढीगभर. चादरी, पगार, स्टोअर्स, सेल्स, सगळ्यांचं उरकल्यावर वाइंडिंगचं काम सुरू व्हायचं आणि अर्ध्यात मिनिटं संपून तुटायचं. हेड ऑफिसला जायचं ते शून्य. एका महिन्यात गेलं, दुसऱ्या महिन्यात गेलं.

मी रावांकडे गेले.

"साहेब, वाइंडिंगचा नंबर वर करा. नाहीतर मिनिटं तरी वाढवा."

"सेक्शनच्या अधिकाऱ्याची सही आण."

"अधिकारीच नाही, म्हणून तर नंबर नऊ आहे."

"मग मागतंय कोण?"

"मी मागतेय!"

"विमला, तू ऑपरेटर आहेस," राव म्हणाले. अगदी मऊ आवाजात. त्या मऊ आवाजानेच माझं डोकं सणकलं. म्हटलं, "साहेब, तिथे माणसं राबतायत आणि तुमचं मशीन त्यांना रिकामटेकडी ठरवतंय. तुम्हाला रात्री झोप कशी लागते?"

आता राव काही वाईट माणूस नव्हे. वाईट असता तर निदान शिव्या घालायचं समाधान मिळालं असतं. त्यांनी खरंच डोकं खाजवलं, दोन-चार फोन केले आणि तोडगा काढला. सेक्शनमधल्या सगळ्यात जुन्या माणसाला प्रभारी अधिकारी करायचं. तो सही करेल, ग्रेड मिळेल, नंबर वर जाईल. आणि सगळ्यात जुना माणूस कोण? आमचा अण्णा.

घरी केवढा आनंद! वहिनीने पुरणाच्या होळिगे केल्या. अण्णा लाजून नुसता "असू दे गं, असू दे" करत होता. एवढ्यात युनियनचा सेक्रेटरी कल्लाप्पा आला. होळिगेची ताटली त्याने बाजूला सारली.

"विठोजी अण्णा, सही करू नको," तो म्हणाला. "अधिकारी झालास की तू कामगार राहत नाहीस. आमचा राहत नाहीस. उद्या काही झालं तर मला तुझ्यासाठी तोंड उघडता येणार नाही."

मी फटकन बोलले, "वर चढणारा माणूस बघवत नाही का रे तुला?" कल्लाप्पाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अण्णाने ती ताटली परत त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "कल्लाप्पा, मी सही नाही केली तर सेक्शन जातो. केली तर निदान काम दिसेल. कुणाची तरी सही लागणारच की."

कल्लाप्पा उठला. "सरी, ठीक आहे," म्हणाला आणि चपला घालून गेला.

अण्णाने सही केली. वाइंडिंगला नंबर मिळाला तीन. त्या महिन्यात त्यांचं काम पहिल्यांदा शेवटपर्यंत चाललं. प्रिंटर कागद ओकतच राहिला, ओकतच राहिला. मी तो गठ्ठा छातीशी धरून स्वतः खाली घेऊन गेले. सेक्शनमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी कॉफी मागवली, आणि अण्णाला मधोमध बसवून सगळे हसत होते. मला वाटलं, जिंकलो बाई!

जिंकलो कसले, कपाळ माझं!

हेड ऑफिसने तो गोषवारा नीट वाचला. इतका नीट आजवर कुठलाच कागद वाचला नसेल. उत्तर आलं: वाइंडिंगकडे इतकं काम पडून आहे, म्हणजे या सेक्शनला ते झेपत नाही. सबब सगळं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं आणि सेक्शन बंद करावा. कामगारांना युनियनशी झालेल्या कराराप्रमाणे इतर सेक्शनमध्ये सामावून घ्यावं. प्रभारी अधिकाऱ्याचं पद रद्द. त्याला एका महिन्याची नोटीस.

मी ते दोनदा वाचलं. काम दिसत नव्हतं तेव्हा बंद करणार होते. दिसलं तर म्हणे जास्त आहे, म्हणून बंद! अरे, मग गरीबाने दाखवायचं तरी काय?

रावांनी हात वर केले. मी पर्सोनेलमध्ये गेले, म्हटलं, अण्णाला परत कामगार करा, होता तसा. ते म्हणाले, कामगारांची भरती बंद आहे. चालू असती तरी या वयाचा नवा माणूस कोण घेणार? नवा माणूस! ज्याची जवानी तुमच्या मोटारी गुंडाळण्यात गेली, तो नवा! मी तिथे टेबलावर हात आपटला. बांगडी फुटली, आणखी काही झालं नाही.

कल्लाप्पा घरी आला तो दारातच उभा राहिला. बाकीच्या सगळ्यांना त्याने नवीन जागा मिळवून दिल्या होत्या, एकूणएक. युनियनचा एवढा दांडगा माणूस, पण अण्णाच्या पायांकडे बघत बोलत होता. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. अण्णानेच त्याला विचारलं, "पोरं नवीन जागी रुळली का रे?"

नोटिशीच्या शेवटच्या दिवशी दुपारी अण्णा वर कॉम्प्युटर रूममध्ये आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कामगारांना तिथे मज्जाव होता, अधिकाऱ्यांना नव्हता. चपला बाहेर काढून, देवळात यावं तसा आत आला आणि एसीच्या गारव्याने अंग चोरून उभा राहिला.

"हेच का ते?"

"हेच."

"आमचं काम कुठे दिसतं?"

मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. वाइंडिंग, नंबर तीन, चालू.

तो वाकून बघत राहिला. "सेक्शनला तर कुलूप आहे. मग आता काय मोजतंय?"

"काही नाही अण्णा. शून्यच."

"पूर्ण होतं पण?"

"होतं. लगेच होतं."

त्याने मान हलवली. मला ओरडावंसं वाटत होतं, त्या मशीनवर, रावांवर, त्याच्यावरसुद्धा. असा कसा रे तू, एकदा तरी चिड ना!

"चल," मी म्हटलं, "सुट्टी टाकते, घरी जाऊ. वहिनी वाट बघत असेल."

अण्णाने रावांची रिकामी खुर्ची ओढली आणि हळूच, कडेला टेकला.

"स्वल्प थांब गं, विमले," तो म्हणाला. "पाच वाजेपर्यंत अधिकारी आहे मी. बसू दे."