चौथ्या मजल्याचं पाणी

आमच्या अदिस अबाबातल्या इमारतीत पाणी फक्त शनिवारी सकाळी येतं. आमच्या खालची तिन्ही घरं एकदमच पिंपं भरायला बसतात आणि चौथ्या मजल्यावरचा आमचा नळ नुसते सुस्कारे टाकतो. प्लंबर म्हणाला, पंप लावा. पण पंप खालच्यांचं पाणी ओढतो, म्हणून माझ्या बायकोने, त्सेहायने, त्याला दारातूनच परत पाठवलं.

आमची लेक मेक्लित बाळंतपणाला आली होती. बाळ अकरा दिवसांचं. शुक्रवारी ती म्हणाली, "आई, उद्याही पाणी चढलं नाही तर मी सासूबाईंकडे जाते." तिचं काही चुकत नव्हतं. पण ती बाळाला घेऊन गेली असती तर त्सेहाय अन्नाला शिवली नसती, आणि खरं सांगायचं तर मीही.

शनिवारी सकाळी त्सेहायने खालच्या तिघींना कॉफीला बोलावलं. आमच्याकडे कॉफी म्हणजे बिया समोर भाजायच्या, मग तीन फेऱ्या. तिसऱ्या कपात आशीर्वाद असतो, तो न घेता कोणी उठत नाही. म्हणजे दीड तास तिन्ही नळ बंद.

"पंप नको म्हणालीस, मग हे काय?" मी हळूच विचारलं.

"ही कॉफी आहे. तुम्ही न्हाणीघरात जा बघू."

नळाने आधी खाकरून घेतलं, मग धो धो सुरू झाला. कित्येक महिन्यांनी तो आवाज ऐकून मला भरून आलं.

तिसरी फेरी संपली तरी पिंप अर्धंच. त्सेहाय उगाच लाह्या पुढे करत राहिली. सोंग तिला कधीच जमलेलं नाही. सगळ्यात खाली राहणाऱ्या अयेलेचबाईंनी कप पुढे केला.

"आणखी एक दे."

"ताई, चौथी फेरी कुठे असते? नुसता चोथा उरलाय."

"मग चोथ्याचं पाणी दे. तुझ्या कॉफीत फरक पडणार नाही." मग न्हाणीघराकडे वळून म्हणाल्या, "किती राहिलं हो पिंप?"

त्सेहायचा चेहरा उतरला. "तुम्हाला कळलं होतं?"

"पाण्याच्या दिवशी कॉफीला बोलावणारी बाई एक तर वेडी, नाही तर नवी आजी."

"आणि तुमची पिंपं?"

"एक आठवडा पुरवून वापरू. आम्ही काय अकरा दिवसांच्या आहोत?"

त्सेहायला रडू फुटलं. बाईंनी बाळासाठी हात पसरले. "नंतर रड. पाणी तापत ठेव, आज न्हाऊ मी घालणार."

मेक्लितने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि नवऱ्याला फोन केला, आम्हाला न्यायला येऊ नकोस.