खटक्यावरची चिकटपट्टी

माझ्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला की पहिल्याच दिवशी मी त्याला बजावायचो, एसीखालच्या त्या खटक्याला हात लावायचा नाही. खटका एका बाजूला सरकवला की एसी बाहेरची हवा ओढतो, दुसऱ्या बाजूला सरकवला की आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करून फिरवतो. माझ्या गाडीत तो कायम 'आतली हवा'वर. सरकू नये म्हणून मी वर चिकटपट्टीसुद्धा मारली होती.

कारण मासळी. गणपतीपुळ्याच्या वाटेवर ती सुकत घातलेली असते. आपल्याला त्याचं काही नाही, पण भाड्याने गाडी केलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून माझ्याकडे असे बघतात, जसे काही ते बांगडे मीच मारलेत. बाहेरची हवा बंद केली की वास नाही, शिवाय गारवाही झटपट. ही युक्ती मी टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना ऐकवायचो.

बाबू माझ्याकडे चार वर्षं ड्रायव्हर होता. गेल्या मे महिन्यात गणपतीपुळ्याहून चिपळूणला जाताना भर दुपारी त्याने गाडी गटारात घातली. नशिबाने कुणाला खरचटलंही नाही. मी पोचलो तेव्हा तो कडेला डोकं धरून बसला होता.

"शेट, झोप लागली. कशी लागली कळलाच नाय."

"प्यायलायस तू," मी सगळ्या प्रवाशांसमोर म्हणालो.

"एक थेंब नाय, शेट. आईशप्पत."

"चोराच्या उलट्या बोंबा!" म्हणून मी चावी हिसकावली. माझा स्वभावच तसा. तोंडातून शब्द गेला की तो खरा असो नसो, मी त्याची पाठराखण करतो. स्टँडवर ज्याने विचारलं त्याला तेच सांगितलं. मग बाबूला कुणी गाडी देईना. तो चिऱ्याच्या खाणीवर दगड काढायला जायला लागला.

या वर्षी ऐन सीझनला ड्रायव्हर मिळेना, म्हणून मी स्वतः बसलो. सात माणसं, तोच रस्ता, तीच दुपार. मी दारू सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही, आणि आदल्या रात्री आठ तास झोपलो होतो. तरी संगमेश्वरच्या पुढे डोळे जड झाले. कडेची खडी चाकाखाली खडखडली तेव्हा जाग आली. मागे वळून पाहिलं तर सातही जण माना टाकून झोपलेले. 

सगळ्यांनाच एकदम झोप कशी लागली म्हणून दुसऱ्या दिवशी एसीचं काम करणाऱ्या विनीतकडे गाडी नेली आणि कालचा प्रकार सांगितला. त्याने चिकटपट्टी पाहिली आणि हसलाच.

"दीपककाका, ही कोणाची अक्कल?"

"का?"

"अहो, खटका आतल्या हवेवर ठेवायचा तो गाडी तापलेली असताना, गार होईपर्यंत. वास, धूळ आली तर तेवढ्यापुरता. मग बाहेरची हवा घ्यायची. एसी हवा गार करतो, ताजी नाय करत. आठ माणसांनी दोन तास तोच तोच श्वास घ्यायचा म्हटल्यावर डोकं जड होणारच. त्या बाबूला त्यानेच झोप लागली असं छातीठोक नाय सांगत मी. पण लागू शकते."

बाबूचं नाव मी काढलंच नव्हतं. त्याने काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून आधी स्टँडवर गेलो. वर्षापूर्वी ज्यांना सांगितलं होतं त्यांना सांगितलं, चूक माझी होती. काही हसले, काहींना बाबू कोण तेही आठवेना. मग संध्याकाळी बाबूच्या घरी गेलो. तो नुकताच खाणीवरून आला होता, अंगभर लाल धूळ. बायको ज्ञानेश्वरी त्याला पाणी देत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. खटका, चिकटपट्टी, माझी डुलकी. चावी पुढे केली.

"चुकलं माझं, बाबू. तू प्यायला नव्हतास."

 बाबू तांब्या उचलून पाणी प्यायला लागला. बोलली ती ज्ञानेश्वरी.

"हे मला पहिल्याच दिवशी बोलले होते, मी प्यायलो नव्हतो म्हणून. पण तुम्ही एवढे मोठे शेट, तुम्ही कशाला खोटं बोलाल? मग रोज संध्याकाळी पाणी देताना मी ह्यांचं तोंड हुंगायची. वर्षभर. कधी कसला वास आला नाय. तरी दुसऱ्या दिवशी परत हुंगायची."

बाबूने तांब्या तोंडापासून खाली घेतला आणि तिच्याकडे बघतच राहिला. हे त्याला आज कळत होतं. पुढे केलेली चावी अजून माझ्याच हातात होती.