गोंडा काढायची जागा

नाटकात घोड्याचे मागचे पाय करून करून कंबर धरली, तेव्हा त्याने विज्ञान संग्रहालयात नोकरी धरली. तिथे एक अजस्र आतडं होतं. रबराचं, गुलाबी, माणूस ताठ चालत जाईल एवढं. त्यात तो एन्झाइम होता. अंगात पिवळा झगा, डोक्यावर फुलकोबीसारखं काहीतरी. संग्रहालयात सगळे त्याला एन्झाइमच म्हणत. घरी ताईच्याही तोंडून कधीकधी तेच निघून जाई.

काम सोपं होतं. आत येणारी मुलं म्हणजे जंतू. प्रत्येकाच्या लाल टोपीला दोन गोंडे. पहिल्या वळणावर एन्झाइमने वाकून एक गोंडा काढून घ्यायचा आणि जंतूला पुढे सोडायचं. खऱ्या आतड्यात हेच चालतं, असं दारावरची पाटी सांगायची. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एक एन्झाइम बनवतात. ते जंतूच्या विषाचा एक तुकडा तोडतं आणि विषाचा दातच पडतो. मग जंतूही सुखात, आपणही सुखात. तुकडा राहिला तर शरीर घाबरतं, अस्तर सुजतं, फटी पडतात आणि आतलं नको तिथे पाझरतं.

म्हणून काढायच्या त्या गोंड्यात चुंबक होतं. तो गोंडा घेऊन कुणी भिंतीपाशी गेलं की भोंगा वाजणार आणि भिंती फुगणार, अशी सोय होती. भोंगा अजून एकदाही वाजला नव्हता. भिंती फुगवायचा पंप सूजकाकांकडे होता. संग्रहालय उघडल्यापासून ते पंपाला टेकून झोपलेले होते, आणि नोकरीत कायम होते. एन्झाइम कंत्राटी होता.

ताईच्या घरी बाहेरच्या खोलीतला सोफा त्याचा. भाऊजी स्वभावाने वाईट नव्हते, पण सोफा त्यांचा होता. त्यांनी जेवताना शांतपणे सांगून टाकलं होतं की या महिन्यात कायम झालास तर खुशाल राहा, नाही तर माझ्या भावाच्या गोदामात खोकी उचलायला जा. ताईने त्याच्या ताटात वाढलं, तेही जरा जास्तच. त्या दिवसापासून त्याने जेवताना काही मागून घेतलं नाही.

नेमके त्याच आठवड्यात वरच्या कचेरीतून साहेब आले. कोण काय करतं आणि ते न केल्यास काय बिघडतं, हे पाहणं त्यांचं काम. ते पहिल्या वळणावर उभे राहून बराच वेळ गोंडे निघताना पाहत राहिले.

"भोंगा शेवटचा कधी वाजला?"

"वाजलाच नाही, साहेब."

"मग तुमचा उपयोग काय?"

"म्हणूनच वाजला नाही, साहेब."

"जे झालंच नाही त्याचा पुरावा आणा," साहेब म्हणाले. एन्झाइमने गोंड्यांनी भरलेली पोती दाखवली. साहेबांनी पोत्यांमुळे अडणाऱ्या जागेची नोंद केली.

सूजकाकांचं काय, असं संग्रहालयाच्या संचालकांनी भीतभीत विचारलं. साहेब म्हणाले, त्यांच्याकडे यंत्र आहे. यंत्र असलं की माणूस लागतोच. एन्झाइमकडे नुसते हात होते.

दुसऱ्या दिवशी चाचणी ठरली. एन्झाइमने उपाहारगृहात बसायचं, शाळेची सहल गोंड्यांसकट आत सोडायची, काही झालं नाही तर जागा रद्द. साहेब स्वतः टोपी घालून मुलांमागून आत गेले. संचालकांनी त्यांच्या टोपीला मानाने मोठे गोंडे लावले होते.

भोंगा असा वाजला की उपाहारगृहातले चमचे थरथरले. सूजकाका दचकून उठले आणि इतक्या वर्षांची झोप वसूल करावी तसा त्यांनी पंप पूर्ण सोडला. भिंती फुगल्या, वळ्या एकमेकींना भिडल्या. मुलं खालून सरपटत गेली; साहेब दोन वळ्यांच्या मध्ये काखेपर्यंत अडकले. मग ताणाने अस्तराची शिवण उसवली आणि सगळे जंतू पलीकडे पाझरले. पलीकडे हिशेब विभाग होता. एक जंतू मुख्य हिशेबनिसांच्या खुर्चीत बसून गोल फिरू लागला, दुसऱ्याने शिक्का हाती घेतला, आणि दिसेल त्या कागदाला मंजुरी मिळू लागली.

संचालक धावत उपाहारगृहात आले. "अरे बाबा, चल लवकर. जागेचं नंतर बघू."

एन्झाइमने झगा चढवला. हिशेब विभागातल्या टोप्यांचे गोंडे त्याने टेबलांखाली रांगत एकेक करून काढले. शेवटी तो आतड्यात पोटावर सरकत साहेबांपर्यंत पोचला.

"साहेब, मान जरा खाली."

"तुम्हाला बाहेर बसवलंय ना?" साहेब गुदमरत म्हणाले.

"हो. मान खाली."

गोंडा निघाला. भोंगा थांबला, भिंती सुस्कारा टाकून बसल्या आणि साहेब मोकळे झाले. एन्झाइमला वाटलं, आता याहून मोठा पुरावा तो कुठला आणायचा. त्या दिवशी घरी त्याने मागून भाजी घेतली.

अहवाल आला तो संचालकांनी सगळ्यांसमोर वाचला. संकटकाळी सूज विभागाने दाखवलेली तत्परता डोळ्यांत भरण्याजोगी होती. एका माणसावर कामाचा भार फार पडतो, हेही दिसून आलं. सबब, सूज विभागात एक कायम सहायक नेमावा. गोंडा काढायची जागा रद्द. झगा जमा करावा.

सहायक म्हणून त्यालाच घेतलं. आतड्याचा अनुभव होता.

आता भोंगा दिवसभर वाजतो. काकांना झोप नाही, याला बसायला वेळ नाही. शिवणकाम करणारे दोघे नव्याने घेतलेत आणि हिशेब विभागाला जाळी बसवलीय. वरच्या कचेरीत संग्रहालयाचं नाव निघतं, कारण इथे सगळे सतत धावताना दिसतात. भाऊजींनी सोफ्याला नवीन खोळ घातली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, आमचा मेहुणा सुजेत कायम झाला.

परवा एक चिमुरडी पहिल्या वळणावर थांबली. पाटी वाचून तिने टोपी पुढे केली आणि विचारलं, गोंडा कोण काढणार?

त्याचा हात अर्धा वर गेला. पंपाशेजारून काकांनी डोळे वटारले. भोंगा वाजला नाही, तर दोघांपैकी एकाची जागा जाणार होती.

"पुढे जा, बाळ," तो म्हणाला, आणि त्याने पंप सुरू केला.