गच्चीच्या जिन्यातला खोकला

"खोकला, हाजी?" रुबा सिस्टरने पेन कागदावर टेकवत विचारलं.

"नाही," म्हातारे कासिम म्हणाले.

"नाही काय, बाबा!" शेजारी बसलेला मुनीर उसळलाच. "सिस्टर, यांचं काही ऐकू नका. रोज संध्याकाळी मी गच्चीवर असतो, तेव्हा जिना चढताना खोकतात. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत! अख्खी गल्ली ऐकते."

मुनीरने धास्ती घेतली होती ती उगीच नाही. थोरले काका असेच खोकत खोकत मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून जिन्यात खोकला वाजला की त्याच्या काळजात धस्स व्हायचं. शिवाय गच्चीवर कबुतरांच्या खुराड्यामागे हातातली सिगारेट विझवायची, ती घाई वेगळीच. चाळिशीला आला म्हणून काय झालं, बापासमोर धूर काढायची त्याची काय टाप! आज हातापाया पडून बाबांना दवाखान्यात तपासणीला आणलं होतं.

रुबाने हाजींच्या छातीला नळी लावली. "छाती तर स्वच्छ आहे. किती दिवसांचा खोकला?"

"दिवस कसले!" मुनीर म्हणाला. "मी कॉलेजात जायला लागलो तेव्हापासूनचा. एकवीस वर्षं झाली."

"पण हाजी, मघाशी खालच्या बाजारातून एवढ्या पायऱ्या चढून आलात. मी खिडकीतून बघत होते. एकदाही खोकला नाहीत."

कासिमनी जपमाळ खिशात टाकली. "नाही येत."

"आणि गच्चीवर हे नसले की?"

"तेव्हाही नाही येत, पोरी."

रुबाची नजर मुनीरच्या पिवळ्या पडलेल्या बोटांवर गेली. तिलाही भाऊ होते. तिने ओठ दाबून हसू आवरलं. मुनीरच्या डोक्यात मात्र उजेड पडायला अंमळ वेळ लागला, आणि पडला तसा तो कानापर्यंत लाल झाला.

कासिम काठी टेकत उठले. "मी धडधाकट आहे. कोरा कागद घे आणि याला विचार. मी बाहेर बसतो, म्हणजे खरं सांगेल." जाताना त्यांनी दार नीट ओढून घेतलं.

"सिगारेट?" रुबाने विचारलं.

"ओढतो."

"किती वर्षं?"

"एकवीस." पोराला विझवायला वेळ मिळावा म्हणून म्हातारा रोज घसा खरवडत होता, आणि हा गाढव त्यांना मधाचे काढे पाजत होता! "असा बाप मिळायला नशीब लागतं, सिस्टर."

"लागतंच. थुंकीतून रक्त?"

त्याने दाराकडे पाहिलं. "एकदा. रमजानच्या आधी. घरी कुणाला बोललो नाही."

"बरं झालं आज बोललात." तिने एक्स-रेची चिठ्ठी लिहून त्याच्या पुढ्यात ठेवली. "आजच काढा. उद्यावर टाकायचं नाही."

एवढ्यात बाहेर खोकला वाजला. दोनदा, सावकाश, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

सवयीने मुनीरचा हात खिशावर गेला. त्याने सिगारेटचं पाकीट बाहेर काढलं आणि रुबाच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"या, बाबा," तो म्हणाला. "विझवली."